दिलेली क्षमा, मागितलेली क्षमा

आमच्या घरात गुंडांचे सिनेमे आवडीनं पाहणारी मी एकटीच. सांगायला जरा संकोच वाटतो. सकाळी बस्तीत अभिषेकाला जाणारी, पाणी गाळून भरणारी, मुंग्यांची रांग दिसली की पाय उचलून टाकणारी बाई रात्री टोळ्यांची भांडणं बघत बसते, हे कुणाला खरं वाटत नाही. पण आमचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. भांडी झाली, ओटा पुसला की पुढे रात्र मोठी. मुलानं टीव्हीवर हवा तो सिनेमा लावायला शिकवलं आणि मला हा नाद लागला.

गोळ्या सुटायला लागल्या की मी तोंड फिरवते. मला बघायचं असतं ते वेगळंच. दोन वैरी समोरासमोर येतात, हात कमरेच्या पिस्तुलाकडे जायचा तो थांबतो, आणि ते एकमेकांकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघतात. तिथं माझ्या डोळ्यांत पाणी येतं. बरीच वर्षं मला वाटायचं, हीच ती क्षमा. आपण दशलक्षणात जिची पूजा करतो ती या दांडगटांना न शिकवता कळली. अलीकडे माझं मत बदललं आहे. ते का बदललं, तेच लिहायचं आहे.

सुरुवात ‘जंजीर’पासून करते. सिनेमा 1973 सालचा. मी तो पुढे कधीतरी गावच्या जत्रेत तंबूत पाहिला. अमिताभ बच्चनचा इन्स्पेक्टर विजय आणि प्राणचा शेरखान. शेरखान जुगाराचे अड्डे चालवणारा पठाण. पोलीस ठाण्यात तो खुर्चीवर बसायला जातो आणि विजय ती खुर्ची लाथेनं उडवतो. शेरखानला राग येतोच, पण तो म्हणतो की हा जोर तुझा नाही, वर्दीचा आहे. मग विजय वर्दी उतरवून एकटा त्याच्या वस्तीत जातो. दोघांची जुंपते. कुणी हटत नाही. आणि त्या मारामारीतूनच दोघांची दोस्ती होते, शेरखान जुगाराचा धंदा सोडून देतो. तंबूतल्या बायका-पुरुषांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या.

आपल्याला हे का आवडतं? कारण ही गोष्ट आपल्या रक्तातली आहे. भरत-बाहुबलींचं काय झालं होतं? दोन्हीकडच्या सेना उभ्या होत्या. मंत्र्यांनी विचार केला की भावाभावांच्या वैरात हजारो माणसं कशाला मरायची. मग दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध असं ठरलं. सैन्य बाजूला, वर्दी बाजूला, दोघंच समोरासमोर. तिन्हींत बाहुबली जिंकले. भरताला खांद्यावर उचललं, आपटणं हातात होतं, पण आपटलं नाही. वैऱ्याचा मान राखणं यापेक्षा मोठं काय असणार? ही पुढची कथा मात्र मी लेखाच्या शेवटाकडे सांगणार आहे, कारण खरी गोम तिथंच आहे.

आता दुसरा सिनेमा. ‘हीट’, 1995 सालचा, दिग्दर्शक मायकेल मान. लॉस एंजेलिस शहरातला एक चोर, नील मॅकॉली, आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी, व्हिन्सेंट हॅना. रॉबर्ट डी नीरो आणि अल पचिनो. पोलीस रस्त्यात चोराची गाडी थांबवतो, आणि बेड्या घालायच्या सोडून त्याला कॉफी प्यायला घेऊन जातो. दोघं टेबलाशी बसून बोलतात. आपापल्या बायकांबद्दल, पडणाऱ्या स्वप्नांबद्दल. शेवटी दोघंही एकमेकांना शांतपणे सांगतात की वेळ आली तर मी मागंपुढं बघणार नाही, तुला मारीन. राग नाही, शिवी नाही. पुढे तसंच होतं. विमानतळाच्या दिव्यांखाली पोलिसाची गोळी चोराला लागते. मरता मरता तो हात पुढे करतो आणि पोलीस तो हात धरून उभा राहतो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा बघताना मला त्या सिनेमातली गाडीत बसलेली बाई दिसली. चोरावर विश्वास ठेवून घरदार सोडून निघालेली साधी मुलगी. दोघं पळून जायच्या बेतात असतात, वाट मोकळी असते. तेवढ्यात त्याला कळतं की आपल्याला दगा देणारा माणूस अमुक हॉटेलात आहे. तो गाडी वळवतो. तिला बाहेर थांबवून आत जातो आणि त्या दगाबाजाला मारतो. त्या एका वळणानं सगळं संपतं. पोलीस तिथं पोचतो आणि ती गाडीपाशीच मागे राहते.

तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली. ज्या पोलिसाशी त्याची एवढी मैत्री दिसते, त्याला त्यानं क्षमा केलेली नाही. क्षमा करण्यासारखं तिथं काही नव्हतंच. दोघं आपापल्या कामात तरबेज होते, एकाला दुसऱ्यात आपलंच तोंड दिसलं. तो होता मान. क्षमा करायची खरी जागा दुसरीच होती, त्या दगाबाजापाशी. तो माणूस हलका, नीच, मान देण्याच्या लायकीचा नाही. तिथं मात्र जमलं नाही. बरोबरीच्या वैऱ्याचा हात धरता येतो, कारण त्यानं आपलीही उंची वाढते. ज्यानं आपल्याला कमी लेखलं, फसवलं, त्याच्यापाशी गाडी वळतेच.

आपल्याकडे क्षमा हे वीराचं भूषण म्हणतात. हे वाक्य मी कितीदा भाषणात ऐकलं आहे, एकदा महिला मंडळात स्वतः बोललेही आहे. पण भूषण म्हणजे दागिना. आणि आपण बायका जाणतोच की दागिना घातला की तो कुणाच्या तरी नजरेत यावा असं वाटतं.

तिसरा सिनेमा ‘गॉडफादर’. याचे पहिले दोन भाग 1972 आणि 1974 सालचे. पहिल्या भागात म्हाताऱ्या डॉनचा थोरला मुलगा गोळ्यांनी चाळण होऊन मरतो. बाप सगळ्या टोळ्यांच्या प्रमुखांना बोलावतो आणि सूड घ्यायचा हक्क सोडून देतो. ज्याच्याशी वैर त्याला सर्वांसमोर मिठी मारतो. किती मोठं मन, असं वाटतं. पण धाकटा मुलगा मायकेल बाहेरदेशी लपलेला असतो आणि तो सुखरूप घरी यावा म्हणून ही तडजोड असते. बाप गेल्यावर हाच मायकेल बहिणीच्या बाळाच्या बारशाला चर्चमध्ये उभा असतो, सैतानाचा त्याग करतो असं तोंडानं म्हणत असतो, आणि त्याच वेळी त्याची माणसं त्या सगळ्या प्रमुखांना मारत असतात. म्हणजे वैर मिटलेलं नव्हतं, चांगल्या मुहूर्ताची वाट बघत होतं.

दुसरा भाग मला जास्त लागला. त्यात मायकेलचा मोठा भाऊ फ्रेडो आहे, भोळा, जरा कमी कुवतीचा. सगळ्यांनी डावललेला. तो नकळत शत्रूला मदत करतो आणि मायकेलच्या घरावर हल्ला होतो. मायकेलला हे कळतं तेव्हा तो भावाशी संबंध तोडतो. पण आपल्या माणसाला सांगून ठेवतो की आई आहे तोवर याला हात लावायचा नाही.

आई आहे तोवर. ते ऐकलं आणि मी रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. उठून पाणी प्यायचं होतं, पण रात्री पाणी घेत नाही म्हणून तशीच ओट्याशी उभी राहिले.

पुढे आई जाते. घरात आईचं पार्थिव आहे, माणसं जमली आहेत. बहीण कॉनी मायकेलच्या गुडघ्याशी बसते आणि म्हणते की फ्रेडोला माफ कर. मायकेल उठतो, भावाजवळ जातो, फ्रेडो त्याच्या कमरेला मिठी मारून रडतो. बघणाऱ्याला वाटेल, झालं, आईच्या जाण्यानं भाऊ एक झाले. पण मिठीत असतानाच मायकेल मान वर करून आपल्या माणसाकडे बघतो. आता आई नाही. काही दिवसांनी फ्रेडो तळ्यात होडीतून मासे धरायला जातो, आणि परत येत नाही.

आता माझं सांगते.

मला एक मोठा भाऊ आहे. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. माझं माहेर निपाणीपलीकडच्या एका खेड्यात, उसाची शेती. वडील लवकर गेले. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. आईचे दिवस पुरे झाले आणि आठवड्यानं माझ्या दारात पुतण्या उभा. हातात हक्कसोडपत्राचा कागद. बहिणीनं जमिनीतला वाटा सोडायचा, ही आमच्याकडची पूर्वापार रीत. 2005 च्या कायद्यानं लेकीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी रीत तीच. खरं सांगायचं तर मला जमीन नको होती. माझं काही अडत नव्हतं. पण अण्णा स्वतः आला नाही, एक शब्द विचारला नाही, पोराच्या हाती कागद धाडला, हे मला लागलं.

ठरल्या दिवशी मी कचेरीत गेले. अण्णा, वहिनी, चुलते, साक्षीदार असे सगळे होते. मी मुकाट्यानं जिथं सांगितलं तिथं सह्या केल्या. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन अण्णाच्या पुढ्यात फेकलं. म्हटलं, “घे. आता तरी पोट भरू दे तुमचं.” वहिनीकडे बघून आणखी एक वाक्य बोलले, ते इथं लिहीत नाही. कुणी काही बोललं नाही. अण्णानं वाकून पेन उचललं.

त्या दिवसापासून मी मोठी झाले. सगळ्या भावकीत झाले. काय तिचं मन, एवढा वाटा असा सोडला, असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, जाऊ दे हो, भाऊच आहे. लग्नाच्या पत्रिका एकमेकांकडे जायच्या, तिसऱ्याच्या हातून. समोर आलो तर तो कुशल विचारायचा, मी मान हलवायची. त्या ‘हीट’मधल्यासारखंच, एकदम सभ्यपणे. क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकायचे, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ग्रुपमध्ये अण्णाही होता. म्हणजे त्यालाही क्षमा मागून झाली, असा माझा हिशेब. शंभर जणांना एकदम मागितलेल्या क्षमेत कुणा एकाचं तोंड बघावं लागत नाही, ही त्यातली सोय.

आणि मनात मी म्हणायचे, मी त्याला कधीच माफ केलंय. जमीन दिली, तिथंच माफ केलं.

त्या रात्री ओट्याशी उभी राहून मला कळलं की मी कॉनी नाही. या गोष्टीत मी मायकेल आहे. मिठी मारली होती, पण नजर खांद्यावरून पलीकडे होती. माहेरच्या रस्त्यानं बस गेली की मी खिडकीतून ऊस बघायचे आणि मनात यायचं, हे मी दिलेलं. दरवर्षी. ऊस तुटायचा, नवा लागायचा, माझं ते वाक्य मात्र तसंच उभं.

आता बाहुबलींची राहिलेली गोष्ट. भरताला खाली ठेवल्यावर भरतानं रागानं चक्र सोडलं. चक्रानं बाहुबलींना काही केलं नाही. पण सख्खा भाऊ राज्यासाठी इथवर येतो हे बघून त्यांना विरक्ती आली. जिंकलेलं सगळं भरताला देऊन ते वनात गेले. एक वर्ष उभे राहिले. पायाशी वारुळं झाली, अंगावर वेली चढल्या. श्रवणबेळगोळला 57 फुटांच्या मूर्तीवर त्या वेली आणि ती वारुळं कोरलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. एवढं तप करूनही केवलज्ञान होईना. कारण मनात एक शल्य होतं. मी उभा आहे ती जमीन भरताची आहे, असं ते शल्य, असं आमच्याकडे सांगतात. कुणी सांगतात, आपल्यामुळे भावाला दुःख झालं याची ती बोच होती. भरत आले, त्यांनी नमस्कार केला, तेव्हा ते शल्य गेलं.

लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाला एवढ्याशा गोष्टीनं कसं अडवलं? आता वाटतं, ती एवढीशी गोष्ट नव्हे. राज्य सोडता येतं, वस्त्र सोडता येतं, अन्नपाणी सोडता येतं. सोडणारा मी, हे सोडायला सगळ्यांत अवघड. मी तर एक तुकडा जमीन सोडली होती. तोही पेन फेकून.

क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. क्षमेनं क्रोध जिंकायचा, हेही ठाऊक असतं. पण दशलक्षणात पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि लगेच दुसरा उत्तम मार्दवाचा का ठेवला, याचा मी कधी विचार केला नव्हता. मार्दव म्हणजे मऊपणा, मान गळून पडणं. राग गेला म्हणजे क्षमा झाली असं आपण धरून चालतो. राग माझाही गेला होताच. त्याच्या जागी मान येऊन बसला होता आणि तो इतका शांत, इतका सोज्वळ दिसत होता की मी त्यालाच क्षमा समजत होते. क्षमेच्या आधी ‘उत्तम’ हा शब्द आहे तो याचसाठी असावा.

सिनेमातले डॉन क्षमा देतात. उंच खुर्चीवर बसून देतात, आणि देणारा दिल्यावर आणखी उंच होतो. आपल्या क्षमावाणीत रीत उलटी आहे. तिथं क्षमा मागायची असते, आणि ज्यानं आपलं वाईट केलं त्याच्याकडेसुद्धा मागायची असते. त्याचं काय चुकलं ते त्याच्या वहीत. आपल्या वहीत आपलं जे चुकलं तेवढंच वाचायचं. गुंडांच्या एवढ्या सिनेमांत मी बरोबरीचे वैरी पाहिले, दिलदार वैरी पाहिले. पण ज्याची ताकद जास्त आहे त्यानं होऊन जाऊन, माझं चुकलं, असं म्हटलेलं फार थोड्यांत पाहिलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, कारण वाचणाऱ्या बहुतेक बायका आहेत आणि क्षमेचा उपदेश आपल्यालाच जास्त होतो. क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे. नवरा हात उगारत असेल तर घर सोडावं, तक्रार करावी, हक्काचा वाटा हवा असेल तर तोही मागावा, ताठ मानेनं मागावा. मी सही करायला नको होती असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मन निर्मळ ठेवूनही न्याय मागता येतो, आणि मी केलं तसं, हक्क सोडूनही मन गढूळ ठेवता येतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि समोरच्यानं क्षमा स्वीकारलीच नाही तर? मरुभूतीची कथा आपण पार्श्वनाथांच्या चरित्रात ऐकतो. अपराध कमठाचा, तरी मरुभूती मोठ्या भावाची क्षमा मागायला गेला. कमठानं हातातली शिळा त्याच्याच अंगावर टाकली. ते वैर जन्मोजन्मी चाललं, पण एकाच बाजूनं. शेवटी कमठाच्या जीवानं उपसर्ग केला आणि धरणेंद्रानं फणा धरला, तेव्हा भगवंतांची दृष्टी दोघांवर सारखीच होती. एवढी उंची आपल्याला कुठली. पण समोरच्याच्या उत्तरावर आपली क्षमा टांगून ठेवायची नाही, एवढं त्यातून घेता येतं.

गेल्या क्षमावाणीला मी व्हॉट्सॲपवर चित्र टाकलं नाही. दुपारची बस धरून माहेरी गेले. अण्णा सोप्यात बसला होता. म्हातारा दिसला. वहिनी चौकटीत उभी होती. मी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, तोंडातून निघालं एवढंच, “अण्णा, त्या दिवशी कचेरीत मी पेन फेकलं. तुला आणि वहिनीला चारचौघांत वाईट बोलले. माझं चुकलं. क्षमा कर. वहिनी, तुम्हीही करा.”

अण्णा बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग वहिनीला म्हणाला, “चहा ठेव लवकर. दिवस बुडायला आला, परत ती घ्यायची नाही काही.”

चहा घेतला. त्यानं पावसाचं सांगितलं, कारखान्यानं बिल कधी काढलं ते सांगितलं. मला शेवटच्या बसला सोडायला फाट्यापर्यंत आला. माझं काही चुकलं असेल तर, असं तो म्हणाला नाही.

बसमध्ये बसले, उसाचे फड मागे जायला लागले आणि मनात आलं, मी एवढी गेले, त्यानं एक शब्द तरी म्हणायला हवा होता. मग माझं मलाच हसू आलं. ते जुनं वाक्य गेलं होतं, त्याच्या जागी लगेच दुसरं उगवलं होतं. अंधार पडेपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत होते. शेत कुणाचं कुठलं, ते त्या अंधारात कळत नव्हतं.